उभ्या गाडीचा वारा

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या बायका बुलेटवरून निघतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो असतात. नथ, गॉगल, फेट्याचा तुरा, हँडलवरचे ठाम हात. पाहणाऱ्याची नजर तिथेच थांबते आणि ते योग्यच आहे. पण त्याच फोटोत, गुडघ्यांच्या पातळीवर, आणखी काही चाललेलं असतं. पुढे ढोलपथक थांबलेलं, मागे लेझीम, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि क्लच अर्धा दाबलेला. दहा पावलं सरकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. चैत्राचं ऊन चढत जातं, डांबर तापतं. साडेतीनशे सीसीचं ते इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर घडवलेलं असतं, आणि त्या सकाळी तो वारा त्याच्या वाट्याला येतच नाही.

वर्षातून एका सकाळी हे झालं तर बुलेट ते सोसते. पण संध्याकाळी साडेसहाला पुण्याच्या विद्यापीठ चौकात, मुंबईच्या सायन सर्कलला किंवा नाशिकच्या द्वारका चौकात उभ्या असलेल्या हजारो मोटारसायकलींची रोजच मिरवणूक निघते. मोटारसायकल धावण्यासाठी जन्मली, आपण तिला उभं राहायला लावलं. उभ्या गाडीला वारा द्यायचा तर पंखा लागतो. स्कूटर बनवणाऱ्यांनी ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी ओळखली होती. मोटारसायकल बनवणाऱ्यांनी ती फार उशिरा मान्य केली, आणि आजही अर्धीमुर्धीच मान्य केली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी उष्णतेचा हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. साडेतीनशे सीसीची गाडी ताशी ६० किलोमीटरने लिटरला ३५ किलोमीटर देत चालली आहे असं धरू. म्हणजे तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजेच १५ किलोवॉट. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातो. उरलेले सहाएक किलोवॉट सिलिंडर, हेड आणि ऑइल यांच्यावाटे बाहेर पडले पाहिजेत. घरातला गीझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे मांड्यांच्या मधे तीन गीझर सतत चालू आहेत आणि त्यांची सगळी उष्णता वाऱ्याने वाहून न्यायची आहे.

आता तीच गाडी सिग्नलला उभी करू. आयडलिंगला तासाला पाव लिटर पेट्रोल जळतं असं धरलं तरी दोन किलोवॉटच्या वर ऊर्जा सुटते. उष्णता कमी झाली, पण वारा तर शून्यावर आला. शिवाय चाकं फिरत नाहीत, त्यामुळे त्या ऊर्जेचा कामाला लागणारा हिस्साही उरत नाही. जळलेला प्रत्येक थेंब शेवटी उष्णताच होतो. उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा लवकर तापते याचं कारण हे. 'मी तर गाडी पळवतही नाही, मग गरम कशी होते?' हा प्रश्न गॅरेजमध्ये रोज विचारला जातो.

सिलिंडरच्या आत ठिणगी पडल्यावर वायूचं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन वितळत नाही, कारण ती आग क्षणभराची असते, मधल्या क्षणांत थंड मिश्रण आत येतं आणि भिंतीत शिरलेली उष्णता बाहेरच्या फिन्सपर्यंत पोचून हवेत जाते. या साखळीतली शेवटची कडी तुटली की आतल्या गोष्टी एकेक करून बिघडू लागतात. ऑइल पातळ होतं आणि पिस्टनच्या कडेवरचा त्याचा थर विरळ होतो. टॅपेटचा आवाज बदलतो. मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू पाहतं आणि इंजिन 'नॉक' करायला लागतं. गाडीचा पिकअप जातो. तरीही चालवत राहिलं तर फुगलेला पिस्टन बोअरला घासतो आणि एका क्षणी मागचं चाक जागेवर थांबतं. गॅरेजच्या भाषेत, इंजिन पकडलं.

फिन्सचं काम पृष्ठभाग वाढवण्याचं. सिलिंडरभोवतीच्या त्या पातळ कडांमुळे हवेला भिडणारी जागा कित्येक पटींनी वाढते. पण स्थिर हवा हा उष्णतेचा अत्यंत वाईट वाहक आहे. फिन्सच्या मधल्या फटीत अडकलेली हवा तापली आणि तिथेच राहिली, तर फिन्स उलट रजईसारख्या वागतात. हवा हलली की चित्र पालटतं, आणि इथे एक गमतीचा नियम आहे जो पंख्याच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. वाऱ्याचा वेग चौपट केला म्हणून थंडावा चौपट होत नाही, तो दुप्पट-अडीचपट होतो. याउलट, अजिबात न हलणाऱ्या हवेला सेकंदाला तीन-चार मीटर इतकी जरी गती दिली, तरी फरक सर्वांत मोठा पडतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर वारा. एवढा वारा कुठलाही लहान पंखा मोटारसायकलच्या इंजिनाला देऊ शकत नाही, आणि देण्याची गरजही नाही. उभ्या गाडीला फक्त शून्यातून बाहेर काढायचं असतं.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट ज्याला कळली तो माणूस मोटारसायकलवाला नव्हता. कोरादिनो दास्कानियो हा इटलीतला विमान-अभियंता. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरने रोमजवळ उड्डाणाचे विक्रम केले होते. विमानाच्या पंख्यांवर, म्हणजे प्रोपेलरवर त्याचं आयुष्य गेलं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पियाज्जिओ कंपनीचा पोंतेदेराचा विमान-कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेला होता, आणि हरलेल्या इटलीत विमानं कोणाला हवी होती? एन्रिको पियाज्जिओला स्वस्त, साधं, कोणालाही चालवता येईल असं वाहन हवं होतं. आधी तयार झालेला एक नमुना त्याला आवडला नाही, आणि काम दास्कानियोकडे आलं. त्याला मोटारसायकली मुळीच आवडत नसत. त्या गैरसोयीच्या, कपडे घाण करणाऱ्या आणि पंक्चर काढायला जिकिरीच्या वाटत. नावड असलेल्या माणसाच्या हाती काम गेलं हे जगाच्या फायद्याचं ठरलं. साखळी नको, पाय ठेवायला सपाट जागा हवी, कपड्यांना ऑइल लागता कामा नये, म्हणून इंजिन मागच्या चाकाशेजारी पत्र्याच्या गालाखाली झाकलेलं. एप्रिल १९४६ मध्ये या रचनेच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. ९८ सीसीची ती पहिली व्हेस्पा.

आता झाकलेल्या इंजिनाला वारा कुठून मिळणार? पुढे चालवणाऱ्याचे पाय, त्याच्या पुढे पत्र्याची ढाल. गाडी धावली तरी वारा इंजिनापर्यंत पोचत नाही. दास्कानियोने फ्लायव्हीलवरच पाती बसवली आणि सिलिंडरभोवती पत्र्याचं कव्हर घातलं. क्रँक फिरला की फ्लायव्हील फिरतं, पाती हवा खेचतात आणि कव्हर ती हवा सिलिंडर-हेडवरूनच जायला भाग पाडतं. वेगळी मोटर नाही, स्विच नाही, बॅटरी नाही. इंजिन जोरात फिरेल तेव्हा उष्णता जास्त आणि हवाही जास्त, हळू फिरेल तेव्हा दोन्ही कमी. मागणी आणि पुरवठा एकाच दांड्यावर बांधलेले. मला या रचनेचं सौंदर्य शब्दांत सांगणं कठीण जातं. एखाद्या यंत्राने स्वतःची काळजी घ्यायला शिकावं, तसं आहे ते.

लँब्रेटाची गोष्ट याच मुद्द्याला दुसऱ्या बाजूने बळ देते. मिलानच्या इनोचेंती कंपनीच्या सुरुवातीच्या लँब्रेटा उघड्या होत्या, इंजिन वाऱ्यावर, पंख्याविना. त्याच गाडीला १९५० मध्ये पत्र्याचं अंग दिलेली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात पंखाही द्यावा लागला. अंग झाकलं की श्वासाची सोय करावी लागते.

हाच पंखा १९६० च्या आसपास पुण्याच्या आकुर्डीशी जोडला गेला. बजाजने पियाज्जिओच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवायला घेतली, परवान्याची मुदत संपल्यावर १९७२ मध्ये तिला चेतक हे नाव मिळालं, आणि पुढची तीन दशकं महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा संसार त्या उजवीकडे किंचित झुकणाऱ्या गाडीवरून हिंडला. नवरा, बायको, पुढे उभा मुलगा, मागे मांडीवर मुलगी आणि पायांशी भाजीची पिशवी. एवढं ओझं घेऊन ताशी वीसच्या वेगाने लक्ष्मी रोडवरून जाताना त्या इंजिनाला समोरचा वारा काय मिळत असेल? फ्लायव्हीलवरची पाती नसती तर चेतकने ते केलंच नसतं. तिच्या आयुष्यात पंखा हा शब्द कोणी उच्चारला नाही, कारण तो कधी मधे आलाच नाही. रिक्षाही त्याच घराण्यातली. इंजिन प्रवाशांच्या पाठीमागे, डब्यात बंद. तीही पंख्यावरच जगली.

आजही ॲक्टिव्हा किंवा ज्युपिटरचं उजव्या बाजूचं कव्हर काढलं की आत मॅग्नेटवर बोल्टने कसलेला फायबरचा पंखा दिसतो आणि सिलिंडरला वेढणारी प्लास्टिकची खोळ. डाव्या बाजूला, बेल्ट फिरतो तिथेही, पुढच्या पुलीच्या चकतीवर पाती असतात. ती बेल्टला थंड ठेवतात. नाना पेठेत, जिथे पुण्यातल्या दुचाकीचे सुटे भाग मिळतात, हा पंखा आणि त्याचं फॅन कव्हर रोज विकलं जातं. गॅरेजवाले सांगतात ते नीट ऐकण्यासारखं आहे. स्कूटरमध्ये पंखा सहसा मोडत नाही, खोळ मोडते. हेड उघडण्यासाठी ती काढावी लागते, घाईत एखादा स्क्रू परत लागत नाही, एखादी क्लिप तुटते, कुठे तडा जातो. वरून काही दिसत नाही. पंखा पूर्वीसारखाच फिरतो, पण हवा सोपी वाट धरून फटीतून बाहेर पडते आणि सिलिंडरच्या मागच्या बाजूला पोचत नाही. गाडी उन्हाळ्यात चढावर दम टाकायला लागते. मालक ऑइल बदलतो, प्लग बदलतो, पेट्रोल पंपाला दोष देतो. खोळीच्या एका स्क्रूकडे कोणी पाहत नाही. पंखा हवा हलवतो, वाट खोळ दाखवते. या दोघांना वेगळं केलं की पंखा नुसता आवाज करतो.

मोटारसायकलचा स्वभाव वेगळा. तिचं इंजिन मिरवण्यासाठी असतं. फिन्स ही तिची शोभा, टाकीखाली चमकणारी. तिचा पूर्वज मोकळ्या रस्त्यासाठी, शर्यतीसाठी, सैन्याच्या निरोप्यासाठी घडला. मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेट बनू लागली ती आपल्या सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी हवी होती म्हणून. जुन्या बुलेटचा बोअर बिडाचा, ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक, ताकद जेमतेम अठरा अश्वशक्ती. साडेतीनशे सीसीतून एवढीच ताकद काढायची म्हणजे इंजिन निवांत असतं, आणि निवांत इंजिन उष्णता सोसतं. शोभायात्रेतल्या बुलेट त्या सकाळी तगून जातात यात या निवांतपणाचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत हेच दुखणं मिरवणुकीच्या नावानेच ओळखलं जातं. तिथे स्वातंत्र्यदिनाच्या संचलनांत पोलिसांच्या हार्ले-डेव्हिडसन चालत्या माणसाच्या वेगाने तासन्‌तास जातात. हार्लेचे दोन सिलिंडर ४५ अंशांत, एकामागे एक. पुढच्याला वारा मिळतो, मागचा त्याच्या सावलीत राहतो आणि मागच्याचीच आग चालवणाऱ्याच्या मांडीला लागते. म्हणून दोन सिलिंडरांच्या मधे, डाव्या बाजूला, १२ व्होल्टचे पंखे बसवण्याची पद्धत तिथे रुजली. कंपनी स्वतःही असा पंखा ॲक्सेसरी म्हणून देत आली आहे. दुसरा उपाय संगणकाने केला. गाडी उभी असताना इंजिन फार तापलं तर मागच्या सिलिंडरचं पेट्रोलच बंद करायचं. तो सिलिंडर मग नुसती हवा आत-बाहेर करत राहतो. २०१४ च्या मॉडेल्सपासून काही टुरिंग गाड्यांच्या हेडमध्ये पाणी फिरू लागलं. त्याचे रेडिएटर पायांपुढच्या फेअरिंगमध्ये लपवलेले होते आणि त्यांना विजेचे पंखे होते. शंभर वर्षं हवेवर चाललेल्या घराण्याच्या टुरिंग गाड्यांनी पाणी स्वीकारलं ते वेगासाठी नाही, उभं राहता यावं म्हणून.

पाणी अर्थात नवं नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा आल्फ्रेड अँगस स्कॉट १९०८ सालीच पाण्याने थंड होणारं इंजिन असलेली मोटारसायकल विकत होता. पाणी हवेपेक्षा सरस का, याचं उत्तर आकड्यात आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता घेतं, तेवढीच घ्यायला साडेतीन हजार लिटर हवा लागते. पण पाण्याने घेतलेली उष्णता शेवटी रेडिएटरमधून हवेलाच द्यायची असते, आणि ती हवा पुन्हा हलतीच हवी. पाण्यामुळे वाऱ्याची गरज संपत नाही, तिची जागा बदलते. म्हणून सुझुकीची १९७१ ची जीटी ७५० असो किंवा होंडाची १९७५ ची गोल्ड विंग, रेडिएटर आला की त्याच्यामागे पंख्याचा प्रश्न आलाच.

आपल्याकडे २००८ मध्ये यामाहाच्या आर-१५ ने दीडशे सीसीच्या गाडीला रेडिएटर दिला. २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून ड्यूक २०० बाहेर पडली, त्याच वर्षी पल्सर २०० एनएस आली, आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी बंद झाल्यावरही सूं सूं करत राहणारा पंखा हा नवा आवाज ऐकू येऊ लागला. २०२३ मध्ये रॉयल एनफील्डनेही हिमालयन ४५० मधून पाण्याची वाट धरली.

या पंख्याचं वागणं समजून घेतलं तर निम्मी भीती जाते. कूलंट साधारण ८० अंशांच्या पुढे गेलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे वळतं. पंखा तेव्हा लागत नाही. तो शंभर अंशांच्या आसपास लागतो आणि काही अंश उतरल्यावर बंद होतो. शंभर आकडा ऐकून माणसं घाबरतात, पण निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल यांचं मिश्रण उघड्यावरही १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबाखाली त्याच्या बरंच वर. गाडी धावत असताना पंखा गप्प असतो, किंबहुना त्याची पाती वाऱ्याला थोडी अडचणच करतात. इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, हेडमधली उष्णता तिथेच साचते आणि तापमान काही अंश वरच चढतं. म्हणून काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा चालू राहतो. तो बिघाड नव्हे. त्या वेळी गाडीवर घाईने कव्हर टाकणं मात्र चूक.

खरी तक्रार वेगळी आहे आणि ती रास्त आहे. रेडिएटरच्या मागून ओढलेली हवा सत्तर-ऐंशी अंशांची होऊन चालवणाऱ्याच्या नडग्यांवर येते. इंजिनाचा ताप उतरला, माणसाचा चढला. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंशांवरच काम करतो, म्हणून तो इंजिनाच्या जवळ हवा, म्हणजे पायाच्याही जवळ. पूर्वी मेकॅनिक कार्बोरेटरचा जेट मोठा करून मिश्रण जरा दाट करत. जादाचं पेट्रोल वाफ होताना थोडी उष्णता शोषून घेई. आता सेन्सर ते होऊ देत नाही. हवा स्वच्छ व्हायला हवी यात शंका नाही. पण तो भार उन्हाळ्यात पायांवर घेणाऱ्या माणसाचा विचार गाडीच्या रचनेत पुरेसा दिसत नाही. गरम हवा बाजूला वळवणारे प्लास्टिकचे दोन नीट घडवलेले पडदे काही गाड्यांत आहेत, काहींत नाहीत. असलेल्या आणि नसलेल्या गाडीतला फरक मे महिन्यात लगेच कळतो.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था १९६६ पासून आहे. अशा प्रयोगशाळांत मोटारसायकल रोलरवर जागच्या जागी चालवून तिचा धूर मोजतात. गाडी जागची हलत नाही, मग वारा कुठून आणायचा? तिच्यासमोर एक मोठा ब्लोअर ठेवलेला असतो आणि रोलरचा वेग वाढेल तसा त्याचाही वेग वाढवला जातो. चाचणीच्या नियमांत हे लिहिलेलंच आहे. त्याच नियमांनुसार ताशी दहा किलोमीटरच्या खाली तो वारा शून्य असला तरी चालतो. प्रयोगशाळेपुरतं ते बरोबर आहे, कारण चाचणीत उभं राहणं काही सेकंदांचं असतं. आपल्या चौकांत ते तसं नसतं. गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही हे माहीत आहे. गाडी स्टँडवर लावून ट्यूनिंग करताना तो शेजारचा टेबलफॅन ओढून इंजिनासमोर ठेवतो.

मग साध्या, हवेवरच्या मोटारसायकलीला आपण बाहेरून पंखा लावावा का? गेल्या काही वर्षांत हा उद्योग बरेच जण करतात. कोणी संगणकातला पंखा बसवतो, कोणी जुन्या रेडिएटरचा. माझं उत्तर असं आहे की लावता येतो, पण बहुतेक जण लावतात तसा नाही.

पहिली अडचण विजेची. रेडिएटरचा पंखा तीन ते सहा अँपिअर ओढतो. लहान मोटारसायकलची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची असते. इंजिन जोरात फिरत असेल तर कॉइल प्लेट हे सहज भरून काढते, पण पंखा हवा असतो तो नेमका आयडलिंगला, जेव्हा वीज सर्वांत कमी तयार होते. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत हेडलाइट बंदच करता येत नाही, तोही त्याच विजेवर. म्हणजे गर्दीत अर्धा-पाऊण तास पंखा चालला की संध्याकाळी गाडी सेल्फ घेत नाही. संगणकाचा पंखा पाव-अर्ध्या अँपिअरवर भागतो खरा, पण तो मोकळ्यावर हवा ढकलण्यासाठी असतो. फिन्सच्या अरुंद फटींचा विरोध आला की त्याचा झोत आडवा पसरतो. त्याला दुप्पट वेगाने फिरवायचं तर आठपट ताकद लागते, हा पंख्यांचा सार्वत्रिक नियम.

दुसरी अडचण दिशेची. गाडी धावताना वारा पुढून मागे जातो. पंखाही त्याच दिशेने हवा देणारा हवा. वायरची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो, उभ्या गाडीत काहीतरी थंडावा दिल्यासारखं करतो आणि धावत्या गाडीत वाऱ्याशी भांडतो. सिलिंडरच्या अगदी समोर मोठा पंखा टांगला तर तीस-चाळीसच्या वेगाला तोच वाऱ्याची वाट अडवतो. म्हणजे दहा मिनिटांच्या सिग्नलसाठी उरलेल्या पन्नास किलोमीटरचं नुकसान. म्हणून बाजूने हवा देणारी हार्लेवाल्यांची जागा शहाणपणाची आहे.

आणि तिसरी गोष्ट खोळीची, जी स्कूटरने शिकवली. पंख्यापासून हेडपर्यंत हवेला वळण देणारा ॲल्युमिनिअमचा साधा पत्रा नसेल, तर निम्मी हवा रस्त्यावर जाते. हे तिन्ही पाळून, वेगळा फ्यूज आणि रिले घालून, हेडवर तापमानाचा स्विच बसवून, किल्ली बंद होताच बंद होईल असा पंखा कोणी लावला, तर त्या हेडचं तापमान उभ्या गाडीत नक्की खाली येतं. बॅटरी आणि कॉइल मोठी असलेल्या गाडीतच हे करावं. शंभर सीसीच्या गाडीत करू नये. तिला त्याची गरजही क्वचित पडते, कारण तिची उष्णताच थोडी.

पंख्याच्या आधी करायच्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत आणि त्या फुकट आहेत. पावसाळ्याचा चिखल फिन्सच्या मागच्या बाजूला वाळून बसतो आणि वॉशिंगवाल्याचा फवारा तिथे पोचत नाही. क्रॅश गार्डला बांधलेल्या पिशव्या, मोठे हॉर्न, समोर लावलेली शोभेची पाटी, ही सगळी वाऱ्याच्या वाटेतली अडवणूक आहे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणं तर घातक. बिडाच्या बोअरला तडा जाऊ शकतो. आणि सिग्नल लांबला की इंजिन बंद करणं याला तोड नाही. हिरोने आयडल-स्टॉपची यंत्रणा आणली, होंडाच्या स्कूटरमध्येही ती आली. जाहिरात मायलेजची झाली, पण तापमानाच्या दृष्टीने तिचं मोल मला जास्त वाटतं. जळणारं पेट्रोलच थांबलं की बाहेर काढायला नवी उष्णता उरत नाही.

नागपुरात उन्हाळ्याच्या दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवले जातात आणि काही ठिकाणी थांबण्याच्या जागेवर हिरव्या जाळ्या बांधल्या जातात. हेतू माणसांना उन्हापासून वाचवण्याचा. हवा ४५ अंशांची असेल तेव्हा फिन्स आणि हवा यांच्यातलं तापमानाचं अंतरही कमी झालेलं असतं, म्हणजे तेवढाच थंडावा द्यायला जास्त वारा लागतो, आणि नेमका तिथेच तो मिळत नाही. त्यामुळे गाडी उभीच राहू नये ही सोय माणसाइतकीच यंत्रालाही मानवते. हे अभियंत्यांनी केलेलं काम नाही, वाहतूक पोलिसांनी केलेलं आहे, आणि ते चांगलं आहे.

गाडी विकत घेताना आपण टॉप स्पीड विचारतो, मायलेज विचारतो. चाळीस अंशांत वीस मिनिटं उभी राहिल्यावर हेड किती तापतं आणि पायावर येणारी हवा किती गरम असते, हे दोन आकडे माहितीपत्रकात छापायला कोणती कंपनी तयार होईल? आपल्या शहरांतल्या माणसाच्या रोजच्या जगण्याशी टॉप स्पीडपेक्षा या आकड्यांचा संबंध अधिक आहे. ते छापले जाईपर्यंत ग्राहकाने शोरूममध्ये विचारत राहावं. टेस्ट राइड दुपारी दोनला मागावी, आणि त्या राइडमधली दहा मिनिटं गाडी उभी करून चालू ठेवावी.

आणि ज्यांच्याकडे रेडिएटरची गाडी आधीच आहे त्यांच्यासाठी एक काम. पंखा पावसाळ्यात मरतो आणि उन्हाळ्यात कळतो. चार महिने चिखल-पाणी खाऊन त्याची मोटर जाम होते, कनेक्टरला गंज चढतो, फ्यूज उडालेला असतो. थंडीत तो क्वचितच लागत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. दिवाळीची साफसफाई चालू असेल त्या दिवशी गाडी अंगणात मोकळ्यावर स्टँडवर लावा, सुरू करा आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवून थांबा. पंखा लागला तर ठीक. काटा तांबड्याकडे सरकला आणि पंखा गप्पच असला, तर लगेच इंजिन बंद करा, गाडी थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि मेकॅनिकला सर्वांत आधी फ्यूज बघायला सांगा.